सुनावणीत विनोद करावा का?

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यवाह बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या रस्त्यावर फीडर पिलरने, म्हणजे विजेच्या पेटीने, अडवलेल्या पदपथाबाबत क्षेत्रीय कार्यालयात बैठक लागली आहे. कार्यकारी अभियंता आणि उपअभियंता ऐकायला बसणार, संघाला पाच मिनिटं मिळणार. संघातले एक काका म्हणतात, "खुसखुशीत बोलू, साहेबांना हसवू, काम होऊन जाईल." दुसरे म्हणतात, "सरकारी माणसापुढे थट्टा करायची नसते, फाइल खाली जाते." बाईंनी कुणाचं ऐकावं?

पहिल्या काकांचं ऐका, पण दोन अटींवर. विनोद पदपथाच्या अवस्थेवर करायचा, समोर बसलेल्या माणसावर नाही. आणि विनोद संपताक्षणी साहेबांच्या हातात असं काहीतरी द्यायचं, जे त्यांना टिपणीत लिहिता येईल. या दोन अटी पाळता येणार नसतील तर दुसऱ्या काकांचं ऐका आणि सरळ बोलून या.

मी नगररचनेच्या कामात नोकरी केली. हरकती-सूचनांच्या सुनावण्यांना टेबलाच्या त्या बाजूला बसले. निवृत्तीनंतर आता नागरिकांच्या गटांची अशा बैठकांसाठी तयारी करून घेते. त्यामुळे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, ते आधी सांगते. बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

अधिकारी तुमचं बोलणं ऐकत असतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक कागद असतो. तुम्ही गेल्यावर त्याला टिपणी लिहायची असते. ती वरिष्ठांकडे जाणार, पैशाचा विषय असेल तर लेखा विभागाकडे जाणार, पुढेमागे लेखापरीक्षक वाचणार, आणि कुणी कोर्टात गेलं तर तिथेही उघडली जाणार. म्हणून तो तुमच्या बोलण्यात लिहिण्याजोगं काय आहे ते शोधत असतो. माप, तारीख, नियम, आधीच्या पत्राचा जावक क्रमांक, शक्य असलेली मागणी. "आम्हाला फार त्रास होतो" हे खरं असलं तरी त्यावर त्याला काही लिहिता येत नाही. सकाळपासून हेच वाक्य त्याने वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलेलं असतं. मान खाली, हातात पेन, आणि "हं, पुढे बोला".

विनोदाचं काम इथे आहे. त्याने साहेबांची मान वर होते. ती वर झाल्यावर थोडे क्षण ते खरोखर ऐकतात, आणि त्या क्षणांत तुम्ही काय ठेवता यावर पुढचं ठरतं. तिथे दुसरा विनोद ठेवलात तर पहिलाही वाया गेला.

एक उदाहरण जवळून पाहिलेलं आहे. पदपथाचाच विषय होता. एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून, चिकटवून, घड्या घालून त्यांनी शबनममध्ये आणल्या होत्या. त्यांनी त्यातली एक उलगडली आणि साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी पसरली. जेमतेम दीड फूट. म्हणाले, "साहेब, फीडर पिलर आणि सोसायटीची भिंत यांच्यामध्ये चालायला एवढी जागा उरते. आमच्या संघाने सगळ्या सभासदांना आडवं चालायला शिकवलंय. आता खेकड्यांचे अर्ज यायला लागलेत, त्यांना सभासद करून घ्यावं का, एवढं मार्गदर्शन हवंय." उपअभियंत्यांना हसू आवरेना. साहेब हसले, आणि त्यांनी स्वतः ती पट्टी बोटाने सरळ केली. शिक्षकांनी क्षणही दवडला नाही. दुसरी पट्टी काढली, ती टेबलावर मावेना, अर्धी खाली लोंबत राहिली. "ही १.८ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत, आयआरसी १०३ मध्ये, निवासी भागासाठी चालायची किमान मोकळी रुंदी एवढी सांगितली आहे. आमची मागणी एकच, तो पिलर भिंतीच्या रेषेत मागे घ्यावा. सोसायटी आतली जागा द्यायला तयार आहे, ठरावाची प्रत सोबत जोडली आहे." आणि बसले.

त्या शिक्षकांनी काय केलं ते नीट बघा. खेकड्याचा विनोद दीड फुटाच्या पट्टीवर उभा होता. समजा कुणीच हसलं नसतं, तरी पट्टी टेबलावर राहिलीच असती आणि माप साहेबांच्या डोळ्यांसमोर असतं. मी सगळ्यांना पहिली कसोटी हीच सांगते: विनोद फसला तरी वाक्यातली माहिती उरली पाहिजे. विनोद वजा केल्यावर वाक्यात काहीच उरत नसेल तर ते वाक्य एकपात्री प्रयोगासाठी ठेवा.

दुसरं, त्यांनी हसण्यासाठी थांबून वाट पाहिली नाही. विनोद केल्यावर चेहऱ्याकडे बघत उभं राहिलं की समोरच्यावर हसण्याची सक्ती होते, आणि अधिकाऱ्याला सक्ती आवडत नाही. विनोद त्याच सुरात म्हणायचा आणि पुढे जायचं. हसायचं असेल तर ते हसतील.

तिसरं, मागणी अशी होती की त्या खोलीतल्या माणसांना ती पुढे नेता येत होती. सोसायटीचा ठराव जोडलेला असल्याने "जागा कुठून आणायची" हा प्रश्नच उरला नव्हता. त्या दोन पट्ट्या नंतर फाइलला टाचल्या गेल्या.

आता उलट उदाहरण. कार्यालयाचं नाव घेत नाही. खड्ड्यांचा विषय होता. तरुण मुलांचा गट शाल, श्रीफळ आणि मानपत्र घेऊन आला. "उत्कृष्ट खड्डे निर्मितीबद्दल" उपअभियंत्यांचा सत्कार. मानपत्र खरोखर चांगलं लिहिलेलं होतं, वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता, सभागृह खळाळून हसलं. मोबाइलवर चित्रण चालू होतं. उपअभियंत्यांच्या शेजारी त्यांचे वरिष्ठ होते आणि मागे त्यांच्याच हाताखालचे दोन कनिष्ठ अभियंते. त्या माणसाने हात जोडले, शाल घेतली नाही, एक शब्द बोलला नाही. इतिवृत्तात त्या विषयापुढे एकच ओळ आली: "नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे." ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना या ओळीचा अर्थ वेगळा सांगायला नको. फाइल बंद.

मुलांचा मुद्दा खोटा नव्हता. रस्ता वाईटच होता. पण त्यांनी एका माणसाला त्याच्या वरिष्ठांसमोर आणि हाताखालच्यांसमोर एकाच वेळी खाली पाहायला लावलं, आणि काम करायचं होतं त्याच माणसाने. खड्ड्यात रोप लावणं, खड्ड्याभोवती रांगोळी काढणं, खड्ड्याचा वाढदिवस हे प्रकार रस्त्यावर आणि वर्तमानपत्रात जरूर करावेत. तिथे श्रोता शहर असतं. बैठकीच्या खोलीत श्रोता एकटा असतो आणि त्याला उद्या परत याच टेबलावर बसायचं असतं.

पुण्यात हे जास्त जपून सांगावं लागतं, कारण आपल्याकडचा नेहमीचा विनोद उपरोधाचा आहे. पाटी लिहावी ती आपणच. "आपल्या कार्यतत्परतेबद्दल आभारी आहोत" असं आपण म्हणतो तेव्हा समोरच्याला टोमणा बरोबर पोचतो. पाटी वाचणारा पुढे निघून जातो, तिथे उपरोध चालतो. सुनावणीत ज्याला टोमणा मारला त्याच्याचकडे दोन मिनिटांनी मागणी करायची असते. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण सांगते. पुण्यात नोकरीला असलेले कित्येक अधिकारी मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर-सांगलीकडून आलेले असतात. त्यांच्या बोलीतल्या शब्दाला हसणं, त्यांचं व्याकरण दुरुस्त करणं, "पुण्यात असं चालत नाही" असं ऐकवणं, हे बोलणाऱ्याला खेळकर वाटतं. ऐकणाऱ्याला ते अपमानास्पद वाटतं, आणि ते अपमानास्पद असतंच. बाई अधिकारी असतील तर "मॅडम, घर तुम्हीच चालवता, तुम्हाला कळेल" हे वाक्यही घरीच ठेवा. त्या तिथे अभियंता म्हणून बसलेल्या असतात.

हसू किती असावं? नाट्यशास्त्रात भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. सुनावणीत तुम्हाला एवढंच हवं असतं. फार तर हसित. सगळं सभागृह मोठ्याने हसायला लागलं तर खूश होऊ नका. खोली हातातून जाते आहे असं अध्यक्षस्थानी बसलेल्याला वाटू लागतं, आणि मग तो पहिलं काम करतो ते "शांतता राखा, मुद्द्यावर या" असं म्हणून वेळ कापण्याचं.

वक्तृत्वाच्या शिबिरांत अ‍ॅरिस्टॉटलची तिकडी शिकवतात: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. फळ्यावर तीन खांब काढतात आणि तिन्हींना सारखी जागा देतात. अधिकाऱ्यांपुढे ही वाटणी सारखी नसते असं माझं स्पष्ट मत आहे. विश्वास तोंड उघडायच्या आधी मिळवावा लागतो, वेळेचा बहुतेक भाग युक्तिवादाला जातो, आणि भावनेला एक प्रसंग पुरतो.

विश्वासाचं पुण्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. २ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, त्यामागे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका होते. सरकारकडे अर्ज करणाऱ्या संस्थेला पहिला प्रश्न विचारला जातो तो आजही तोच आहे: तुम्ही कोण, आणि कुणाच्या वतीने बोलता? सभेने त्याचं उत्तर आधीच तयार ठेवलं. सभासद व्हायचं तर लोकांकडून मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे सुमारे ६००० लोकांच्या सह्या होत्या. सह्यांचा तो गठ्ठा टेबलावर असताना "तुम्ही चार शहाणे म्हणजे पुणे नव्हे" असं कुठल्या साहेबाला म्हणता आलं असतं? १८७७ च्या दिल्ली दरबारात हेच जोशी सभेच्या वतीने गेले ते हातसुती खादीच्या कपड्यांत. जरीच्या पोशाखांच्या त्या गर्दीत मागणी वाचण्याआधीच त्यांचे कपडे बोलले असणार.

तुमच्या संघाने हेच करावं. "आम्ही सर्व ज्येष्ठ नागरिक" असं मोघम म्हणू नका. किती सभासद, त्यांतले किती जण त्या पदपथावरून रोज जातात, किती जण काठी किंवा वॉकर वापरतात, हे एका पानावर सह्यांनिशी न्या. आणि सुरुवातीला खरे आभार माना. त्या कार्यालयाने गेल्या वर्षा-दोन वर्षांत तुमच्या भागात केलेलं एखादं काम शोधा, असतंच काहीतरी. पावसाळी गटाराची जाळी बसवली असेल, चौकातला दिवा दुरुस्त केला असेल. कोणत्या महिन्यात केलं तेही सांगा. खोटं कौतुक अधिकारी लगेच ओळखतो. पण आपलं खरं काम कुणीतरी पाहिलं हे त्याला क्वचितच ऐकायला मिळतं. हे आभार सरळ माना, त्यात उपरोधाची छटाही नको. इथे विनोद अजिबात नको.

याच शहरात १८८८ साली जोतिराव फुल्यांनी जे केलं ते मी प्रत्येक गटाला सांगते. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट तेव्हा मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्या सन्मानार्थ पुण्यात समारंभ ठेवला. शहरातली बडी मंडळी दागदागिने घालून आली. फुले आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात, आणि बोलायला उभे राहिले तेव्हा राजपुत्राला सांगितलं की समोर बसलेली ही श्रीमंत मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यांत आहे, तिची अवस्था पाहावी, आणि तिला शिक्षण मिळावं हे राणीच्या कानावर घालावं.

या प्रसंगाचं कौतुक करून आपण थांबतो. मला त्यातली कारागिरी महत्त्वाची वाटते. त्या वेषात थोडी गंमत होती, विसंगती होती. झगमगत्या मेजवानीत फाटके कपडे. सगळ्यांच्या माना वळल्या असतील. पण फुल्यांनी त्या वेषाचं नाटक पुढे लांबवलं नाही, लगेच मुद्दा मांडला. यजमानांचा किंवा पाहुण्याचा पाणउतारा केला नाही. पाहुण्याकडे एक निरोप सोपवला, जो राणीचा मुलगा म्हणून त्यालाच पोचवता आला असता. शिवाय बोलणारा माणूस कोण होता? १८७६ पासून काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेत सभासद म्हणून काम केलेला, १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे लेखी निवेदन देऊन शेतकरी-कष्टकऱ्यांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडलेला. आयोगापुढे निवेदन, मेजवानीत वेष: मागणी तीच, श्रोता बदलला तशी रीत बदलली. फुल्यांना कुठे काय चालेल याचं जे भान होतं, ते आपल्याला शिकून घ्यावं लागतं. आणि हेही लक्षात घ्या की तो वेष ज्यांचा होता त्यांच्यातच त्यांनी आयुष्य घालवलं होतं. उद्या कुणी चांगल्या पायांचा माणूस बैठकीत खोट्या कुबड्या घेऊन गेला तर ती फुल्यांची रीत होणार नाही, ती फसवणूक होईल.

युक्तिवादासाठी गोखल्यांकडे बघा. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, आणि १९०२ च्या मार्चमध्ये त्यांनी कलकत्त्याला मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकार शिल्लक दाखवून खूश होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि दाखवलं की ही शिल्लक देश सधन झाल्याची खूण नाही, लोकांवर गरजेपेक्षा जास्त कर बसवल्याची आहे. स्वतःचे आकडे आणले असते तर "हे कुठून आणले" यातच वेळ गेला असता. तुमच्याही बाबतीत आधी समोरच्याचेच कागद वाचा. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे. महापालिकेनेच २०२१ साली ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा करायला सुरुवात केली. "आपल्याच धोरणात असं म्हटलं आहे" या वाक्याने अधिकाऱ्याची अडचण होत नाही, उलट सोय होते. टिपणीच्या पहिल्या परिच्छेदात त्याला ते तसंच उतरवता येतं. मी त्या बाजूला असताना असा धोरणाचा उल्लेख करणाऱ्या नागरिकांचे अर्ज वर ठेवत असे, कारण त्यांच्यावर लिहिणं सोपं जायचं.

मागणी कोणत्या टेबलाची आहे हेही युक्तिवादातच येतं. पथ विभागाचं काम विद्युत विभागाकडे मागितलं तर साहेब सहानुभूतीने मान हलवतील आणि पत्र पुढे ढकलतील. पैसे लागणार असतील तर तरतूद कुठून, हे विचारून ठेवा. चालू वर्षात तरतूद नसेल तर वर्गीकरणाने, म्हणजे दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवून, होतं का, की पुढच्या अंदाजपत्रकात घालायचं? पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. "यंदा जमत नसेल तर पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार करून पुढच्या अंदाजपत्रकात घ्यावं" अशी दुसरी मागणी खिशात ठेवा. साहेबांना पहिलीला नाही म्हणावं लागलं तर दुसरीला हो म्हणणं सोपं होतं.

भावनेबद्दल. एक माणूस, एक दिवस, एक अडचण. "वृद्ध, महिला, अपंग, शालेय विद्यार्थी यांची गैरसोय" या यादीने कुणाच्याही डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. त्याऐवजी सांगा की तुमच्या संघातल्या एक आजी वॉकर घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत जातात, फीडर पिलरपाशी वॉकर अडतो, म्हणून त्या रस्त्यावर उतरतात आणि वळणाऱ्या बसकडे पाठ करून पाच पावलं चालतात. पाठ का करतात? वॉकर वळवायला जागा नाही म्हणून. बस्स, पुढे काही बोलू नका. आजींना विचारून मगच हे सांगा, आणि त्यांना खोलीत आणून सगळ्यांसमोर उभं करू नका. त्यांना स्वतः बोलायचं असेल तर अवश्य बोलू द्या, ती गोष्ट वेगळी. विनोद आणि हा प्रसंग शेजारी-शेजारी ठेवू नका. मध्ये माप आणि नियम येऊ द्या, नाहीतर हसू ओसरायच्या आत आजी येतात आणि दोन्ही बिघडतं.

विनोद मुळीच करू नये असे काही विषय आहेत. त्या रस्त्यावर अपघातात कुणी गेलं असेल, तर एकही नाही. घर जाणार असेल, जमीन जाणार असेल, वस्तीचं पुनर्वसन असेल, तर नाही. तुमचं घर जात नसेल आणि शेजारच्यांचं जात असेल, तरीही नाही. तुमच्या आधी बोललेला माणूस रडवेला झाला असेल तर तयार केलेला विनोद गिळा. माहिती अधिकाराचं अपील, झाडं तोडण्याच्या नोटिशीवरची हरकत, विकास आराखड्यातल्या आरक्षणाची सुनावणी, अशा ठिकाणी अधिकाऱ्याला कारणांसहित निर्णय द्यायचा असतो. तिथे नोंद शब्दशः होऊ शकते, म्हणून हात आखडता ठेवा. आराखड्याच्या सुनावणीला तर नियोजन समितीपुढे हजारो हरकती असतात. मिळालेल्या दोन मिनिटांत सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक आणि मागणी एवढंच नीट सांगितलं तरी पुष्कळ झालं. महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनालाही वेळ फार थोडा असतो. एक मोठा, स्पष्ट फोटो विनोदापेक्षा बरा.

लेखी अर्जात विनोद नको, हे तर ठाम सांगते. बोललेल्या विनोदाबरोबर तुमचा आवाज आणि चेहरा असतो. कागदावरचा विनोद तीन वर्षांनी तिसराच अधिकारी वाचतो, तुम्हाला न पाहता. त्याला तो उर्मटपणा वाटतो, आणि तुमच्या विरोधात असलेल्याला तोच कागद दाखवून "हे लोक गंभीर नाहीत" असं म्हणता येतं.

कधी कधी साहेबच विनोद करतात. "अहो, तुम्ही पुणेकर, तुमचं समाधान ब्रह्मदेवाला जमलं नाही, आम्ही कोण!" हे बहुतेकदा विषय टाळण्यासाठी असतं, पण प्रत्येक वेळी नाही, दमलेला माणूसही असं बोलतो. चिडू नका. मनापासून हसा आणि लगेच म्हणा, "खरंय साहेब, म्हणूनच आज एकच मागणी आणली आहे." गाडी परत रुळावर. शाब्दिक टोल्याला टोला देण्याचा मोह इथे सगळ्यात जास्त होतो, आणि पुण्यात तर तो टोला तयारच असतो. द्यायचा नाही.

आता तुमच्या काकांनी लिहून पाठवलेलं वाक्य: "आमचा पदपथ हरवला आहे, तक्रार पोलिसांत द्यायची की आपल्याकडे?" पहिला भाग चांगला आहे, तो ठेवा. दुसऱ्या भागात साहेबांना बोचरा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर नाही, म्हणून तो काढा. हरवल्याच्या जाहिरातीची कल्पना पुढे न्या, पण तिच्यात खरी मापं भरा. असं काहीसं: "साहेब, आमचा पदपथ हरवला आहे. बांधला तेव्हाची रुंदी दोन मीटर. शेवटचा दिसला तो दुधाच्या डेअरीसमोर, तिथे त्याची रुंदी पंचेचाळीस सेंटिमीटर होती. फीडर पिलरच्या मागे गेला तो परत आला नाही. फोटो सोबत जोडला आहे." यात कुणाला टोचलेलं नाही, सगळे आकडे लिहून घेण्याजोगे आहेत, आणि शेवटच्या वाक्यावर हसू येताना साहेबांचा हात फोटोकडे जाईल. आकडे अर्थात तुम्ही टेपने मोजलेले घाला, मी नमुन्यादाखल दिले आहेत.

हे वाक्य संघाबाहेरच्या कुणाला तरी म्हणून दाखवा. शक्य असेल तर सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या निवृत्त माणसाला. संघातल्या लोकांना काकांचं सगळंच आवडतं, त्यांचं हसणं पुरावा म्हणून धरू नका. समजावून सांगावं लागलं तर वाक्य टाका.

हे काकांनी बोलावं. आभार, सभासदांची माहिती आणि मागणी तुम्ही बोला. मागणी शेवटी, आणि तिच्यानंतर एकही वाक्य नको, कारण इतिवृत्त लिहिणारा शेवटचं वाक्यच नीट लिहून घेतो. दुसऱ्या काकांना, ज्यांना थट्टा नको आहे, त्यांना कागद सांभाळायला द्या: अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक क्रमांकासह पोच, आणि दोन दिवसांत बैठकीत काय ठरलं याचं साधं पत्र, इतिवृत्ताच्या प्रतीच्या मागणीसह. त्यांच्या स्वभावाला हे काम शोभेल आणि ते चोख करतील.

बैठकीच्या आधी एक सकाळ तिथे टेप घेऊन जा. जिथे रुंदी सगळ्यात कमी आहे ते ठिकाण, तिथून पुढे-मागे काही पावलांवरची मापं आणि टेप दिसेल असा फोटो. तो पिलर महावितरणचा आहे की पथदिव्यांचा, हे त्यावरच्या नावावरून आणि क्रमांकावरून लिहून आणा. साहेबांचा पहिला प्रश्न तोच असेल.